कोवळ्यांचा कोपरा

मार्गशीर्षातली सकाळ होती, आणि ज्वारी दुधात होती.

दाणा अजून दाणा झाला नव्हता. हिरव्या मिटल्या पापणीआड एक शुभ्र, कोवळा, गोडसर थेंब होऊन तो कणसाकणसात थांबला होता. नखाने दाबलं तर दूध; आणखी थोडं ऊन पिऊ दिलं तर हुरडा. काळ्याभोर मातीवर दूरवर पसरलेलं ते दुग्धगर्भ रान दंवाने ओथंबलं होतं. पूर्वेकडून येणारं ऊन इतकं केशरी, इतकं अलवार, की पाखरू बसावं तसं ते कणसाकणसावर अलगद येऊन बसत होतं.

त्या रानातल्या पायवाटेने सुवार्ता चालली होती. कडेवर लेक. लेकीच्या डोक्याला लोकरी टोपी, पायात एकच मोजा. दुसरा वाटेत कुठेतरी गळून पडलेला. पुढे तिचा नवरा, रत्नाकर, हातातल्या काडीने दोन्ही बाजूंचं दंव झटकत वाट कोरडी करून देत होता. असा तो होता. वाटेतलं पाणीसुद्धा बायकोच्या पदराला लागू न देणारा.

नाताळ तोंडावर आला होता. सणासाठी ती दोघं रत्नाकरच्या आत्याच्या गावी आली होती. आणि येत्या रविवारी तिथल्या गावातल्या चर्चमध्ये लेकीचा बाप्तिस्मा व्हायचा होता. लेक दात दाखवून हसू लागली, खाट धरून उभी राहू लागली, तरी तिला नाव नव्हतं. सगळे तिला बाळी म्हणत. नावावरूनच तर सारं अडलं होतं.

नामी.

हे नाव सुवार्ताने फार आधी ठरवलं होतं. या लेकीच्याही आधी. पहिलीसाठी. दिवस भरत आलेल्या दुपारी ती खिडकीशी बसे, गोल, गच्च, चांदण्यासारख्या तुळतुळीत पोटावर हात ठेवी, आणि आतल्या अंधाराला हाक मारी, नामी. अंधार आतून लाथ मारी. ती पुन्हा म्हणे, नामी. अंधार पुन्हा लाथ मारी. दोघींचं हे बोलणं रत्नाकर दाराआडून ऐके आणि हसे.

ती पहिली आली, ती मिटलेलीच आली. रडली नाही. डोळे उघडले नाहीत. सुवार्ता गुंगीतून जागी झाली तेव्हा पाळण्यात दुपटं नव्हतं, आणि बायका हलक्या आवाजात भलत्याच गोष्टी बोलत होत्या. कुठे आहे, असं तिने विचारलं. दवाखान्यानेच केलं सगळं, असं रत्नाकर म्हणाला. भिंतीकडे बघून म्हणाला. तिच्या आईने मान हलवली. पुढे कितीदा तिने विचारलं; उत्तर तेच, आणि भिंतही तीच.

पण देहाला कोण सांगणार?

देहाला दूध आलं. पुरासारखं आलं, कळा घेऊन आलं, अंगावरची चोळी भिजवीत आलं, आणि प्यायला कुणी नव्हतं. तेव्हा आईने दारातल्या निळ्या कुंडीतला मोगरा खुडला, फुलं फडक्यात घातली आणि तिची छाती गच्च बांधली. मोगऱ्याने दूध आटतं. जुन्या बायकांचा तोडगा. आटलं. शुभ्र फुलांनी शुभ्र दूध शोषून घेतलं. त्या दिवसापासून मोगऱ्याचा वास आला की सुवार्ताच्या छातीत गाठ येई. "ती कुंडी न्या इथून," एवढंच ती म्हणाली होती. आणि रत्नाकरने ती, तिनेच हौसेने निळी रंगवलेली कुंडी, झाडासकट उचलून नेली. कुणाला तरी दिली, म्हणाला.

आणि आता ही दुसरी. ही रडली, ही प्याली, ही जगली. हिला ते नाव द्यावं, म्हणजे ती आतली हाक वाया गेली नाही असं होईल, एवढीच सुवार्ताची आशा. आजही वाटेवर तिने विषय काढला.

"अहो, नामीच ठेवू या ना."

"तुला दुसरं नावच सापडत नाही का?"

"सापडतं की. मिरची ठेवते. बघा कशी चावते."

तो हसला. पण हातातली काडी जरा जोरात फिरली, आणि एक कणीस मोडून वाटेत पडलं. मोडल्या जागी पांढरा चीक आला.

"ते नको," तो म्हणाला. "जुनं वाटतं."

तेवढ्यात ज्वारीच्या हिरव्या लाटांपलीकडून, गलबताचं शीड वर यावं तसा, एक मनोरा वर आला. काळ्या दगडाचा, बुटका, शेवाळलेला. त्याच्या टोकाला कुणी गुलाबी कागदाची चांदणी बांधली होती. दंवाने भिजून तिचा रंग उतरून दगडावर ओघळला होता.

"अगंबाई! इथे रानातही चर्च आहे का? चला ना, बघून येऊ."

"काही नाही तिथे. पडकं आहे. वाटसुद्धा काट्यांची आहे."

"तुम्ही गेला होतात?"

"मी कशाला जातोय?"

पण सुवार्ताचे पाय वळले होते. वाट काट्यांची नव्हती. वाट मऊ होती, पायाखालची होती, दोन्ही कडांना पिवळी रानशेवंती होती.

कसलं ते चर्च! एखाद्या धनगराने माळावर घोंगडी पसरून बसावं, तसं ते रानाच्या मधोमध बसलं होतं. कौलारू छप्पर, चुन्याने रंगवलेली कमान, लिंबाच्या आडव्या फांदीला टांगलेली घंटा. घंटेच्या पोटात एका चिमणीने चार काड्या जमवल्या होत्या. वारा नव्हता. माणूस नव्हतं. शांतता मात्र होती. जुनी, घडीव, दगडातूनच घडवल्यासारखी. त्या शांततेच्या पायरीवर सुवार्ताने चप्पल काढली.

दार सागवानी होतं, वरच्या बिजागरीतून निसटलेलं, फरशीवर रुतून बसलेलं. तिने ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही.

"बंद असेल," ती म्हणाली.

तेव्हा रत्नाकरचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. त्याने कडी धरून दार किंचित वर उचललं, खालच्या कोपऱ्याला गुडघा टेकवला, आणि दार आवाज न करता, ओळखीच्या माणसाला उघडावं तसं, उघडलं. मग तो वाकला. आत जाण्याआधी, वर न पाहता, बुटक्या चौकटीखाली त्याची मान आपोआप वाकली.

सुवार्ता तशीच उभी राहिली.

भिंतीकडे बघून माणसाला खोटं बोलता येतं. गुडघ्याला येत नाही. मानेला येत नाही.

आत निळसर अंधार होता. उंच झरोक्यातल्या काचेतून ऊन गाळून येत होतं आणि बाकांवर निळे, जांभळे, डाळिंबी तुकडे ठेवून जात होतं. मेणाचा वास, जुन्या लाकडाचा वास, काल सारवल्या अंगणाचा वास. बाळीने हुंकार दिला, आणि भिंतींनी तो परत दिला. ती पुन्हा हुंकारली. भिंती पुन्हा बोलल्या. असं बोलणारं घर तिला कधी भेटलं नव्हतं. ती खदखदून हसली, आणि क्षणभर सुवार्तालाही वाटलं, मघाचं दार आपण उगाच मनात धरलं. असेल सवय. खेड्यातली दारं सारखीच असतात.

इतक्यात बाजूच्या दारातून एक म्हातारी आत आली. हातात खराटा, नऊवारीचा ओचा खोचलेला, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. चर्चची झाडलोट करणारी रूथमावशी. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तिचा सुरकुतला चेहरा उजळला.

"आलास व्हय रं लेका? यंदा लई उशीर केलास. म्या म्हनलं, पोरीला इसरला का काय!"

"मावशी..." रत्नाकर म्हणाला.

त्या एका शब्दात थांब होतं, विनवणी होती, आकांत होता. पण म्हाताऱ्या कानांना शब्द पोचतात. विनवण्या पोचत नाहीत. ती थेट सुवार्ताजवळ आली, खरखरीत बोटांनी तिने बाळीची हनुवटी उचलली.

"अन् ही आमच्या नामीची धाकली व्हय? आगं माय माय! थेट तिचंच नाक."

झरोक्यातलं डाळिंबी ऊन सुवार्ताच्या हातावर होतं. ते तिथेच थांबलं. भिंती थांबल्या. घंटेतली चिमणी थांबली.

"कोणाची?" तिने विचारलं.

"नामीची गं. तुझ्या थोरलीची." म्हातारीला वाटलं, पोरीला ऐकू गेलं नाही, ती आणखी मोठ्याने, आणखी मायेने सांगू लागली. "पहाटंचा आलता ह्यो, तालुक्याच्या दवाखान्यातनं रातभर चालत, गठुडं उराशी धरून. उन्हाळ्यातबी कुडकुडत व्हता निस्ता. म्या म्हनलं, बाबा, खड्डा मी घेते, पर आदुगर नाव सांग. इथली माती बिगरनावाचं लेकरू घेत न्हाई. माझ्या सासूपासनं रीत हाय. तर म्हनला, नामी. अन् डोईला जांभळ्या खणाची कुंची! कसली देखनी कुंची गं! मलाच सोडवंना."

जांभळ्या खणाची कुंची.

ती सुवार्ताने शिवली होती. आईची जुनी चोळी उसवून, बारीक टाक्याने, खिडकीशी बसून. नंतर तिने पेटी उपसून शोधली, फळीवरचे डबे शोधले, गाद्यांखाली शोधलं. "हरवली असेल, बाई," आई म्हणाली होती. "बाळंतपणाच्या गडबडीत काय काय हरवतं." असं म्हणून आईने तिच्या केसांवरून हात फिरवला होता. त्याच हाताने तिने ती कुंची जावयाच्या हातात दिली होती.

म्हणजे आईसुद्धा.

जिचं नावच सुवार्ता, तिच्यापर्यंत तेवढी एक वार्ता कुणी येऊ दिली नव्हती. मायेने अडवली होती. मायेच्या माणसांनी, हातात हात धरून, तिच्याभोवती कडं करून, गोड गोड बोलत अडवली होती.

"कुठे आहे?" तिने विचारलं. रत्नाकरला नाही; म्हातारीला.

रूथमावशी आता चपापली. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिच्या हातातला खराटा हळूच खाली गेला.

"ठावं नव्हतं व्हय तुला?" ती पुटपुटली. मग तिने सुवार्ताचा हात धरला.

चर्चच्या मागे, दगडी गडग्याच्या कुशीत, सकाळचं पहिलं ऊन जिथे येतं तिथे, कोवळ्यांचा कोपरा होता. बाप्तिस्म्याआधी गेलेली लेकरं तिथे. क्रूस नव्हते, अक्षरं नव्हती. पाटाएवढाल्या जागा, दुपट्याएवढाल्या जागा; प्रत्येकीच्या उशाशी नदीतला एकेक गुळगुळीत गोटा. ती नावं कुठे लिहिलेली नव्हती. रूथमावशीला पाठ होती, आणि झाडताना ती एकेक नाव मोठ्याने घेई, जात्यावर बसल्यासारखी.

एका जागेभोवती खापऱ्या रोवल्या होत्या. निळ्या खापऱ्या.

तो निळा सुवार्ताने ओळखला. जन्मात दुसरीकडे कुठे पाहिला असता तरी ओळखला असता. मोरचुदी निळ्यात थोडा पांढरा कालवून तिने तो केला होता. आणि मधोमध ते झाड. थंडीने मुकं झालेलं, फूल नाही, कळी नाही, नुसती हिरवी दाट पानं. मोगरा. तिच्या छातीवर बांधला होता, तोच.

तिच्या घरातून जे जे हरवलं होतं, ते ते इथे येऊन राहिलं होतं. कुंची इथे होती. कुंडी इथे होती. नाव इथे होतं. ज्याने दूध शोषलं ते झाड इथे होतं. एक आख्खं घर इथे मांडलं होतं, बापाने आणि लेकीने, आणि त्या घरात आईला तेवढी जागा नव्हती.

रत्नाकर मागे येऊन उभा राहिला होता. हातात रानशेवंतीची फुलं होती. वाटेत कधी तोडली, त्यालाही कळलं नसावं. तेही हातांना सवयीचं होतं.

"रत्नाकर," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्या हाकेने तो दचकला, जणू कुणी परक्याने मारली.

"तुला त्रास नको, म्हणून गं," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, तोंड दाखवू नका, माया बसते. तुझी आईही..."

"माया काय तोंड बघून बसते? मग नऊ महिने माझ्या पोटात काय बसलं होतं?"

त्याने मुठीतल्या फुलांकडे पाहिलं.

"मी दरसाल येतो," तो म्हणाला. आवाज फाटका होता. "एकटाच येतो. बसतो. तुला सांगायचं, सांगायचं म्हणतो आणि..."

"हो ना. तुम्हाला यायला जागा होती." सुवार्ताचा आवाज चढला नाही, उतरत गेला, विहिरीच्या पायऱ्या उतरतो तसा. "रडायला दगड होता. घ्यायला नाव होतं. मी कुठे जायचं होतं? मी रोज भांडी घासताना त्या दवाखान्याच्या खिडक्या आठवत होते. कुठल्या खिडकीतून नेलं असेल, कुठे टाकलं असेल. टाकलं, असंच मनात यायचं हो माझ्या. आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

रत्नाकरने हात पुढे केले. बाळीला घ्यायला, की तिला धरायला, कुणास ठाऊक. सुवार्ताने लेकीला उराशी आणखी ओढलं.

"ही माझ्याजवळ राहू दे. रविवारी पाळकसाहेब हिचं नाव विचारतील, तेव्हा मी सांगेन. तोवर कुणाला कळायचं नाही. तुम्हालासुद्धा." तिने मोगऱ्याच्या पानांकडे पाहिलं. "हिचं नाव मी ठेवीन. नामी आता मागायची नाही. नामी दिलेली आहे."

"सुवार्ता..."

"तुम्ही तिकडे जाऊन बसा. इतके दिवस तुमचे होते. आता थोडा वेळ माझा."

तो हलेना, तेव्हा रूथमावशीने त्याच्या दंडाला धरलं. "चल लेका," ती म्हणाली. "आईला आईचं काम करू दे." ती दोघं गडग्यापाशी गेली, एक वाकलेली, एक आज वाकलेला. शेवंतीची फुलं त्याच्या मुठीतच राहिली.

सुवार्ता खाली बसली. माती गार होती, भुसभुशीत होती, नीट झाडलेली होती. तिने तिच्यावर तळवा ठेवला. पूर्वी जसा ठेवायची तसा, सावकाश, पाचही बोटं पसरून.

"नामी," ती म्हणाली.

आतून कुणी लाथ मारली नाही.

"नामी," ती पुन्हा म्हणाली. रानातून एक होला उडाला. दंव गळत होतं. ऊन निळ्या खापऱ्यांवरून सरकत मोगऱ्याच्या बुंध्याशी आलं होतं. तिसऱ्यांदा नाव तिच्या ओठांतून बाहेर आलं नाही. ते डोळ्यांतून आलं, आणि बराच वेळ येत राहिलं. सांत्वन नको होतं. क्षमा तर त्याहून नको होती. एवढंच हवं होतं की हे रडणं तिचं असावं, कुणी मायेने पुसू नये. पुसलं नाही कुणी.

मग मांडीवरची बाळी कुरकुरली. तिला या कशाचं काही नव्हतं. तिला भूक होती. एक पाय मोज्यात, एक उघडा, तो उघडा पाय मातीत घासत तिने आईचा पदर ओढला, तोंडाने चाचपलं, आणि लागली. डोळे मिटून, घोट घोट, सारं जग तेवढंच असल्यासारखी पिऊ लागली.

आणि दुसरी बाजू आपसूक पाझरू लागली.

रोजच पाझरे. एकीकडे लेक लागली की दुसरीकडे पान्हा सुटे, आणि सुवार्ता पदराचा बोळा तिथे दाबून धरी. सवयीने, लाजेने, डाग पडू नये म्हणून. आजही तिचा हात उठला. अर्ध्यावर आला. थांबला.

मग तिने तो खाली घेतला, आणि ती किंचित पुढे वाकली.

पलीकडे रानभर ज्वारी दुधात उभी होती. गडग्यापाशी एक माणूस गुडघ्यात मान घालून बसला होता. मनोऱ्यावरची भिजकी चांदणी उन्हात वाळत होती. आणि इथे, निळ्या खापऱ्यांच्या कुंपणात, मोगऱ्याच्या मुक्या बुंध्याशी, एक शुभ्र थेंब पडला, मग दुसरा, मग तिसरा.

नाव विचारल्याशिवाय काही न घेणाऱ्या त्या काळ्या मातीने, काही न विचारता, ते दूध घेतलं.